घोगऱ्या घंटेचा ओतारी

झारने सिंहासन सोडलं ही बातमी आमच्या क्रुतोयारला आली तेव्हा बाजार पोट धरधरून हसला. मी तिथेच होते, पावांची टोपली पुढ्यात घेऊन. मासेवाला कातडेवाल्याला विचारत होता, "काय रे, कुठे ओततायत घंटा?" चौकातला शिपाईसुद्धा मिशीत हसत होता. एवढी मोठी थाप, म्हणजे घंटा चर्चच्या दारातून आत जायची नाही, असं त्याचं म्हणणं. पाद्रीबाबा स्वतः येऊन सांगून गेले की बाबांनो, खरं आहे, तार आली आहे. कोण ऐकतो? शेवटी कोणीतरी म्हणालं, "चला, येव्लाम्पीकाकाला विचारू."

झालं. अर्धा बाजार बर्फ तुडवत त्याच्या दारी गेला. म्हातारा पायरीवर बसून कोणाच्या तरी चहाच्या समोवारला कल्हई करत होता. बातमी आणणाऱ्याला त्याने दोन प्रश्न विचारले, हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "ही घंटेची नाही. खरी आहे. घरी जा, पोरांना जवळ घेऊन बसा." आणि लोकांनी तिथल्या तिथे टोप्या काढल्या. शिपायानेही काढली.

तुम्ही म्हणाल, एवढा सत्यवादी कोण लागून गेला हा? सत्यवादी कसला डोंबलाचा. तीस वर्षं ह्या माणसाने अख्ख्या गावाला थापा मारल्या. तेच त्याचं काम होतं.

आमचं गाव घंटा ओतणाऱ्यांचं. आणि घंटा काही नुसत्या तांब्या-कथलाने होत नाही. भट्टीत तांबं चढलं की गावात एक पुडी सोडावी लागते. ती पुडी जितकी लांब जाईल तितका घंटेचा आवाज लांब जाणार. वेशीवरच विरली तर घंटा मुकी निघणार. आणि पहिला टोला पडायच्या आत पुडी सोडणाऱ्याने स्वतःच ती फोडली, तर घंटेचा गळा बसलाच म्हणून समजा. आमच्याकडे ही काळ्या दगडावरची रेघ. शिकलेले हसतात. हसोत बापडे, घंटा त्यांना कुठे ओतायच्यात?

ह्या पुड्या बनवायचा येव्लाम्पी साव्विच. कामाने तो ओतारी, भट्टीचं तोंड फोडणारा पहिला गडी. उंच, किंचित वाकलेला, दाढी एका बाजूने भट्टीच्या धगीने कायमची तांबूस झालेली. एरवी बोलायला कंजूष. स्वतःचा घोडा विकायला नेला तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचा की मागचा डावा पाय लंगडतो. घोडा अर्थातच विकला जायचा नाही आणि अग्राफेना, त्याची बायको, आठवडाभर भांडी आपटायची. पण भट्टी पेटली की हाच माणूस बाजारात येऊन, डोळ्यांची पापणी न हलवता, छातीवर क्रूस काढून सांगायचा की वरच्या अंगाला मिठाची गलबतं बुडाली आहेत आणि व्होल्गा खारट झाली आहे. त्या वर्षी आसपासच्या गावांतल्या बायका कोबी खारवायला नदीचं पाणी भरून नेत होत्या. मीही नेलं. दोन बादल्या चढावरून ओढत आणल्या, घरी येऊन चव घेतली, आणि त्या मेल्याच्या नावाने बोटं मोडली. घंटा मात्र अशी निघाली की पलीकडच्या काठावर गायी माना वर करायच्या.

त्याचे नियम होते. पुडीने कोणाचं नुकसान होता कामा नये. घरातल्या माणसालाही ती पुडी आहे हे सांगायचं नाही. आणि मेलेल्या माणसाचं नाव तिच्यात आणायचं नाही, कधीच नाही. मग घंटा चढायची, पहिला टोला पडायचा, आणि येव्लाम्पी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून कमरेत वाकायचा. "भल्या लोकांनो, घंटेसाठी खोटं बोललो. देवासाठी माफ करा." आम्ही सगळे म्हणायचो, "देव माफ करील." ते शब्द ठरलेलेच. मग त्याच्या पाठीत दोन धपके घालून सगळे जेवायला जायचे.

आता आमच्या जुन्या घंटेचं सांगते, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. ती इव्हान झारच्या काळची, भयंकर म्हणतात त्या इव्हानच्या. त्याची माणसं गाव लुटायला आली तेव्हा कोणीतरी ती बडवून लोक गोळा केले. झारने लोकांना शिक्षा केलीच, पण घंटेलाही खाली उतरवून चाबकाचे फटके मारले आणि तिची जीभ उपटून नेली. हसू नका, आमचे राज्यकर्ते असेच. मग ती चर्चमागच्या खाजकुयलीत पडून राहिली. पीटर झारने तोफा ओतायला गावोगावच्या घंटा नेल्या, तेव्हा ही मुकी म्हणून वाचली. तो पीटर, ज्याने दाढ्यांवर कर बसवला आणि न भरणाऱ्यांच्या दाढ्या कापल्या. कॅथरीन राणीच्या राज्यात तिला नवी जीभ बसवली. इतकं सगळं सोसून ती फुटली कशाने, तर आनंदाने. सिंहासन सुटायच्या अकरा-बारा वर्षं आधी, जपानशी लढाई हरल्यावर, दंगे झाल्यावर, त्या शरदात झारने लोकांना हक्क देतो म्हणून जाहीर केलं. आमच्या पोरांनी दिवसभर घंटा बडवली आणि संध्याकाळी तिला चीर गेली.

ती वितळवून नवी ओतायची ठरलं. तिच्याइतकी मोठी घंटा येव्लाम्पीनेही कधी ओतली नव्हती. पण त्या हिवाळ्यात पुडी कसली सोडायची हा मोठाच प्रश्न होता. आरमार बुडालं, राजधानीत गोळ्या चालल्या, झारने लोकांपुढे हात टेकले. जे कधी होणार नाही ते सगळं होऊन बसलं होतं. कशाचं कोणाला नवलच उरलं नव्हतं. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "साव्विच, आता तुझी पंचाईत. तुझ्यापेक्षा वर्तमानपत्रं पुढे गेली." तो म्हणाला, "हो ना, ग्लाफिरा. लाज वाटायला लागलीय."

त्याच्या घरात तर नवलच काय, हसूही उरलं नव्हतं. एकुलता एक मुलगा अर्खीप लढाईवर गेला होता. मी त्याची धर्ममाता, बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर धरलं होतं, तेव्हाही पठ्ठ्या पाद्रीबाबांची दाढी सोडायला तयार नव्हता. मुक्देनच्या लढाईनंतर कागद आला की पडला. कागदाबरोबर त्याच्या गळ्यातला तांब्याचा क्रूस. अग्राफेनाने तो देवाच्या तसबिरींच्या कोपऱ्यात टांगला, खाली दिवा लावला. वर्षभर रडली आणि मग एके दिवशी थांबली. दुसऱ्या दिवशी सुनेला, मेलानियाला, समोर बसवून म्हणाली, "तू चोवीस वर्षांची आहेस. माझ्याबरोबर दिव्यात तेल घालत म्हातारी होणार आहेस का?" मेलानिया रडली, नको म्हणाली, पुन्हा रडली. पण अग्राफेना ऐकणारी नव्हे. तिनेच फेरापोन्तशी बोलणी केली.

फेरापोन्त म्हणजे आमचा नावाडी. विधुर, चाळिशीचा, छातीभर दाढी, मनाने लोण्याचा गोळा. मेलानिया चर्चमधून निघाली की हा वाटेतलं बर्फ उगाच फावड्याने ओढत उभा असायचा. ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न ठरलं. उपासाचे दिवस होते म्हणून तोवर थांबायचं, एवढंच.

ईस्टरला दोनेक आठवडे राहिले असताना येव्लाम्पी कथील आणायला नदीपलीकडे रेल्वेच्या गावी गेला. नदीवरचं बर्फ तेव्हाच काळवंडलं होतं. तो घसरगाडी घेऊन परत आला आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी बर्फ फुटलं. म्हणजे वाट बंद. बर्फ वाहून जाऊन होडी चालू व्हायला चार आठवडे लागतात. तारघरही पलीकडेच.

तो आला तेव्हा मी त्यांच्याकडे पिठाची चाळण मागायला गेले होते. दारातून आत आला तो टोपी न काढता. तसबिरींकडे बघितलंही नाही. अग्राफेना कोबीचं सूप ढवळत होती, मेलानिया लग्नाचा रुमाल भरत होती.

"अर्खीप जिवंत आहे," तो म्हणाला.

 तोच पुढे बोलत राहिला. इतकं सलग बोलताना मी त्याला भट्टीच्या दिवसांखेरीज कधी ऐकलं नव्हतं. स्टेशनाच्या हॉस्पिटलात तो कथलाच्या व्यापाऱ्याचा निरोप द्यायला गेला होता. तिथे जपानच्या कैदेतून सुटून आलेले लोक तापाने पडले होते. भिंतीकडच्या खाटेवरून कोणीतरी "बाबा" म्हणालं. डोकं भादरलेलं, उजवा हात कोपरापासून गेलेला, पण अर्खीपच. लढाईत त्याचा क्रूस तुटून पडला होता, तो कोणाला तरी प्रेताजवळ सापडला. ताप उतरेपर्यंत डॉक्टर सोडायला तयार नाहीत. उवा म्हणून त्याचे कपडेही जाळून टाकलेले, त्यामुळे आणण्यासारखी खूण काही नव्हती.

अग्राफेनाने पळी खाली ठेवली. "भट्टी कधी पेटवताय?" तिने विचारलं.

"आज संध्याकाळी. त्याचं काय?"

"मोठी घंटा आहे," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "साध्या थापेने भागायचं नाही. हो ना?"

"अगं, काय बोलतेस?"

"तपशील चांगला घातलास. हात कोपरापासून. तू नेहमी म्हणतोस, थापेला तपशील लागतो." मग मात्र तिचा आवाज फुटला. "म्हाताऱ्या, तुला दुसरं काही सुचलं नाही? माझं पोर घातलंस भट्टीत?"

येव्लाम्पीने छातीवर क्रूस काढला. तसबिरींकडे तोंड करून शपथ घेतली. पण तीस वर्षं तो असाच क्रूस काढत आला होता, अशीच शपथ घेत आला होता, आणि पापणी अशीच हलत नव्हती. मेलानिया त्याच्या पायाशी येऊन बसली. "बाबा, मला खरं सांगा. मी कोणाला नाही सांगणार. घंटेला नाही कळणार."

"पोरी, खरंच सांगतोय."

"व्होल्गा खारट झाली होती तेव्हाही तुम्ही मला हेच म्हणाला होतात. नवी नवरी होते मी."

म्हातारा बाकावर बसला. त्याचे हात गुडघ्यांवर पडले होते, तळवे वर करून. मला त्याची दया आली, पण विश्वास? छे. मलाही वाटलं, तोल गेला बिचाऱ्याचा. पुत्रशोकात माणूस काहीही करतो. मी चाळण न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाजारात दोन बातम्या होत्या. एक, अर्खीप जिवंत आहे. दुसरी, गव्हर्नरकडून हुकूम येतोय, पीटर झारसारखा दाढीवर कर पुन्हा बसणार, लढाईचा खर्च भरून काढायला. भरेल त्याला गळ्यात अडकवायला पत्र्याचा बिल्ला. न भरेल त्याची चौकात शिपाई कापणार, बोथट कात्रीने.

तर आमच्या शहाण्या गावाने काय केलं? दाढीची बातमी खरी धरली. का नाही धरायची? सरकार आहे, पैसे लागतात, लढाई हरलेलं आहे. सात पिढ्यांचा अनुभव. जुन्या पंथाचे लोक, ज्यांना दाढी म्हणजे धर्म, ते तर गाड्या जुंपून जंगलात निघाले आणि वाटेतल्या गावांना बातमी देत गेले. ती ऐकून पुढच्या गावांनी आणखी पुढे दिली. आणि अर्खीप जिवंत आहे म्हटलं की लोक मान हलवायचे. "वाईट केलं साव्विचने. घंटेसाठी झालं तरी मेलेल्या पोराला नाही ओढायचं." मासेवाला त्याच्या तोंडावर म्हणाला, "काका, तुझ्या जिभेला हाड नाही हे माहीत होतं. काळीजही नाही हे नव्हतं माहीत."

येव्लाम्पी भट्टीकडे चालता झाला. सांगणार काय? दाढीची थाप माझी आहे म्हणावं तर घंटेचा गळा बसतो. न म्हणावं तर अर्खीप मेलेलाच राहतो.

फेरापोन्तने दाढी काढली. लग्नाच्या तोंडावर चौकात शिपायाच्या हातची अब्रू नको म्हणून स्वतःच काढली. आत हनुवटी एवढीशी निघाली, सोललेल्या बटाट्यासारखी. गाव त्याला बघून तोंड फिरवून हसायचं. तो मेलानियाकडे आला, टोपी चुरगाळत उभा राहिला. "येव्लाम्पीकाका म्हणतात ते मी ऐकलं," तो म्हणाला. "तुला थांबायचं असेल तर थांबू."

मेलानिया काही बोलायच्या आत अग्राफेनाच म्हणाली, "कशासाठी थांबायचं? घंटा वाजली की हा पायऱ्यांवर उभा राहून माफी मागणार आहे. तोवर ही पुन्हा एकदा विधवा होईल. एकदा झाली, पुरे." आणि तिने दिव्यात तेल घातलं.

मला वाटतं त्या बाईला भीती वाटत होती. खरं धरलं आणि खरं नसलं, तर पुन्हा तोच कागद, तोच क्रूस, तेच सगळं पहिल्यापासून. एकदा त्यातून उठायला तिला वर्ष लागलं होतं. दुसऱ्यांदा ती उठली नसती.

लग्नानंतर आठवड्याभराने होडी सुरू झाली असती. म्हणजे अर्खीप दुसऱ्याच्या बायकोला भेटायला आला असता. आमच्यात देवासमोर झालेलं लग्न सुटत नाही, ना पहिलं, ना दुसरं. येव्लाम्पी हे जाणून होता. भट्टीपाशी तो तांबं ढवळायचा, कोणाशी बोलायचा नाही, जेवायचाही नाही.

ओतायच्या दिवशी सारं गाव कारखान्याच्या आवारात जमलं. मधे खड्डा, त्यात पुरलेला साचा, वरून फक्त तोंड दिसत होतं. भट्टी घुमत होती. बायका ओढणीच्या गाठी सोडून चांदीची कुडी, बटणं तांब्यात टाकायला देत होत्या, आवाज गोड व्हावा म्हणून. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं.  येव्लाम्पीने लोखंडी पहार उचलली. त्याने क्रूस काढला की भट्टीचं तोंड फोडायचं, अशी रीत. त्याने क्रूस काढला, आणि पहार खाली ठेवली.

तो लोकांकडे वळला आणि कमरेत वाकला.

"भल्या लोकांनो," तो म्हणाला, "घंटेसाठी खोटं बोललो. देवासाठी माफ करा."

आवारात कोणाला काय चाललंय कळेचना. हे शब्द पहिल्या टोल्यानंतरचे. आत्ता कुठे घंटा? ती तर अजून भट्टीत उकळत होती.

कारखान्याचे मालक पुढे धावले. "येव्लाम्पी, तोंड आवर."

"मालक, तीस वर्षं आवरलं," तो म्हणाला. मग मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "दाढीवर कर नाही. कुठला हुकूम नाही, बिल्ला नाही, कात्री नाही. ती पुडी मी सोडली, ह्या घंटेसाठी. एकच सोडली. एका घंटेला दोन पुड्या कोणी सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्खीप जिवंत आहे. ते घंटेसाठी नव्हतं."

नवखा माणूस असता तर म्हणाला असता, त्यात काय झालं. पण तिथे एकही नवखा नव्हता. बाकीचे ओतारी त्याच्याकडे असे बघत होते की जणू त्याने स्वतःच्या हाताने तिचा गळा दाबला. एकाने टोपी जमिनीवर आपटली. ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घंटा होती, आणि ती जन्मायच्या आत त्याने तिचा आवाज घालवला होता. थाप टिकवायला कोणी ओतारी असं करत नाही. खोटं बोलायला एवढी किंमत कोणी मोजत नाही. हे मला कळलं तसं सगळ्यांना कळलं, एकाच वेळी.

तांबं कोणासाठी थांबत नाही. येव्लाम्पीने पहार उचलली आणि भट्टीचं तोंड फोडलं. धार साच्यात गेली. चांगली, एकसारखी गेली, हात जराही कापला नाही त्याचा. पण कोणी आनंदाने ओरडलं नाही.

गर्दीत फेरापोन्त उभा होता. त्याचा हात आपोआप हनुवटीकडे गेला, तिथे काही नव्हतं. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. फेरापोन्त मेलानियाकडे गेला. ती मला धरून उभी होती, तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"बर्फाला फट पडली की पहिली होडी माझी सुटेल," तो तिला म्हणाला. "तुला पलीकडे नेतो. येताना तिघं येऊ." त्याने खाली वाकून तिला नमस्कार केला आणि तो नदीकडे होडीला डांबर लावायला गेला. भला माणूस. पुढे त्याला चांगली बायको मिळाली, पण ते नंतर.

आणि अग्राफेना? ती सरळ घरी गेली. मी मागोमाग गेले. तिने बाकावर चढून क्रूस खुंटीवरून काढला, पदरात पुसला. दिवा विझवायला तोंड पुढे नेलं, आणि तिला फुंकर मारता येईना. ओठ इतके थरथरत होते. शेवटी मीच विझवला.

मालकाने त्याच संध्याकाळी येव्लाम्पीला कामावरून काढलं. त्याने भांडणही केलं नाही. ठीक आहे म्हणाला, आणि घरी येऊन अर्खीपच्या खाटेची फळी दुरुस्त करत बसला. नवराबायकोत तेव्हाही बोलणं नव्हतं. ती वाढायची, तो जेवायचा. तिला लाज वाटत होती आणि त्याला राग आला नव्हता, आणि दोघांपैकी एकालाही हे सांगता येत नव्हतं.

ईस्टर झाला. लग्नाचा रविवार आला आणि गेला. मग एका सकाळी, नदीत बर्फाचे घरांएवढे तुकडे अजून वाहत असताना, फेरापोन्तने होडी घातली. सगळं गाव काठावर. कोण देवाचा धावा करत होतं, कोण त्याला शिव्या देत होतं. दोन दिवसांनी होडी परत आली. वल्ह्यावर फेरापोन्त, पुढे मेलानिया, आणि तिच्या शालीत गुंडाळलेला एक काटकुळा माणूस, डोकं भादरलेला, उजवी बाही रिकामी. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "धर्ममाते, तुझे पाव मिळतील का? तिथे नुसती कांजी पाजतात." मी रडत रडत त्याला टोपलीच दिली. अग्राफेना चिखलात गुडघ्यांवर बसली होती. तिने त्याची रिकामी बाही धरली आणि कोपरापर्यंत चाचपली. तपशील बरोबर होता.

घंटा उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर चढवली. दिसायला देखणी, कुठे भोक नाही, चीर नाही. पहिला टोला पडला आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. घोगरी. सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखी. नदीच्या मधापर्यंत जेमतेम पोचली असेल. तज्ज्ञ म्हणतात कथील कमी पडलं. म्हणोत. आम्हाला कारण माहीत होतं.

तीस वर्षांच्या सवयीने येव्लाम्पी चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. लोक खाली वाट बघत होते. आणि तो नुसताच उभा. माफी तर मागून झाली होती. बोलायला काही उरलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, हात कुठे ठेवावे त्याला कळेना.

तेव्हा अग्राफेना गर्दीतून पुढे आली. पायऱ्या चढली. लोकांकडे पाठ केली आणि त्याच्यासमोर कमरेत वाकली.

"भल्या माणसा," ती म्हणाली, "भीतीपोटी मी तुला खोटं ठरवलं. देवासाठी माफ कर."

वर घंटा खोकत होती. म्हाताऱ्याची तांबूस दाढी हलत होती. खाली आम्ही सगळे गप्प, कारण ह्या वेळचं उत्तर आमचं नव्हतं, त्याचं होतं.

"देव माफ करील, अग्राफेना," तो म्हणाला. मग तिच्या कोपराला धरून तिला सरळ उभं केलं. "चल. पोरगं जेवायचं थांबलंय."